बाबांना कॅन्सर आहे हे सांगितलेलं नाही, आणि ते गप्प झालेत. समुपदेशकाकडे न्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात राहणाऱ्या एका मुलाचे वडील ६३ वर्षांचे. पिंपरीच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला, केमो आणि रेडिएशन एकत्र सुरू आहे. घरच्यांनी त्यांना 'गाठ आहे, शेक दिला की विरघळेल' एवढंच सांगितलंय. पहिला आठवडा बरा गेला. आता ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात, बातम्या लावत नाहीत, ताट पुढे आलं की चिडतात, रात्रभर जागे राहतात. आत्या रोज फोनवर सांगतात, 'दादाला म्हणावं मन खंबीर ठेव.' मुलगा विचारतो: समुपदेशकाकडे न्यावं का? आणि आजारच सांगितला नसेल तर काय सांगून न्यायचं?

मी पुण्यात बरीच वर्षं कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांबरोबर मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते आहे. आधी उत्तर देऊन टाकते: न्या, आणि खोटं सांगून नेऊ नका. 'पोटाच्या डॉक्टरांना दाखवून येऊ' म्हणून आणलेला माणूस दारावरची पाटी वाचतो आणि पुढचा अर्धा तास हाताची घडी सोडत नाही. तो अर्धा तास तर जातोच, शिवाय घरच्यांवरचा उरलासुरला विश्वासही जातो.

बाकीचं उत्तर लांबणार आहे, कारण तुमच्या एका प्रश्नात तीन-चार प्रश्न अडकलेत. त्या सगळ्यांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. तुमच्या बाबांना धीर देणारी माणसं भरपूर आहेत. ज्याच्यासमोर धीराचं सोंग करावं लागणार नाही असं माणूस सध्या त्यांच्याजवळ एकही नाही.

'बाबांना माहीत नाही' हे मी सहसा गृहीत धरत नाही. रेडिएशनच्या वेटिंगमध्ये त्यांच्याशेजारी बसून बघा. आठवड्याचे ५ दिवस, साधारण ५ आठवडे, तीच माणसं, तीच वेळ, तोच बाक. तिसऱ्या दिवसापर्यंत ओळखी होतात. पहिला प्रश्न असतो, 'तुमचं कितवं?' दुसरा, 'तुमचा कुठला?' कुठला म्हणजे कुठला कॅन्सर, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तुम्ही फाईल पिशवीत घालून चेन लावता, पण विभागाची पाटी भिंतीवर आहे, त्यांच्या छातीवर मार्करच्या रेघा आहेत आणि समोर स्कार्फ बांधलेली बाई बसली आहे. ३०-३५ वर्षं कारखान्यात मशीनवर काम केलेल्या माणसाला एवढं जुळवता येतं. शिवाय केमोच्या संमतीपत्रावर सही कुणाची आहे? त्यांची असेल, तर त्या कागदावर आजाराचं नाव आहे. तुमची असेल आणि ते शुद्धीत, समजत्या अवस्थेत असतील, तर ही गोष्ट डॉक्टरांशी बोलून आधी सरळ करून घ्या.

बहुतेक घरांत मी हेच पाहते: त्यांना त्रास नको म्हणून तुम्ही बोलत नाही, तुम्हाला त्रास नको म्हणून ते बोलत नाहीत. दोघंही एकमेकांना सांभाळताय आणि दोघंही एकटे पडलाय. यात तुमची चूक काढायचा माझा हेतू नाही. लपवणारी घरं सहसा मायाळूच असतात. पण लपवण्याचा भार कुठेतरी निघतोच. तुमच्याकडे तो ताटावर निघतोय असं दिसतं.

मग सांगायचं कसं? सुरुवात माहितीने करू नका, विचारण्याने करा. घरात वर्दळ नसताना, दोघंच असताना विचारा: 'बाबा, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला आत्तापर्यंत काय काय कळलंय?' आणि मग थांबा. ती शांतता फार लांब वाटते. तेवढ्यात पाणी आणायला उठू नका, मोबाइल बघू नका. 'मला काय विचारतोस, तुम्हालाच माहीत' असं उत्तर आलं तर त्यात बरंच काही आलं. पुढचा प्रश्न: 'तुम्हाला सगळं समजून घ्यायचंय, की डॉक्टरांशी बोलायचं काम आमच्यावर सोडताय?' दोन्ही उत्तरं चालतात. काही माणसं मनापासून म्हणतात, 'तुम्ही बघा, मला ती नावं नकोत.' त्यांचा तो हक्क आहे. मात्र आता तो निर्णय त्यांनी घेतलेला असतो, त्यांच्यासाठी कुणी घेतलेला नसतो.

ही काही माझ्या डोक्यातली युक्ती नाही. वाईट बातमी कशी सांगावी याची सहा पायऱ्यांची एक पद्धत वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडली, आणि ती आज जगभर डॉक्टरांना शिकवली जाते. पहिली पायरी निवांत जागा आणि वेळ. दुसरी, रुग्णाला काय कळलंय ते विचारणं. तिसरी, त्याला किती कळून घ्यायचंय ते विचारणं. प्रत्यक्ष सांगणं चौथ्या पायरीवर येतं. आपल्याकडे एकतर थेट चौथ्या पायरीवर उडी मारतात, नाहीतर जिन्याकडे फिरकतच नाहीत.

त्यांनी सरळ 'कॅन्सर आहे का रे?' असं विचारलं तर 'हो' म्हणा. त्या 'हो'ला लगेच 'पण घाबरू नका, आता खूप औषधं निघालीत' असं शेपूट जोडू नका. थोडं थांबून मग जे खरं आहे ते सांगा: उपचार कशासाठी चाललेत, अजून किती राहिलेत, डॉक्टर पुढे काय बघणार आहेत. 'किती दिवस आहेत माझे?' या प्रश्नाला मुलाने आकडा सांगायचा नसतो. 'ते आपण दोघं मिळून डॉक्टरांना विचारू. तुम्हाला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटते?' असं विचारलं की पुष्कळदा उत्तर मरणाबद्दल येतच नाही. दुखेल का, श्वास कोंडेल का, आईचं पेन्शनचं काम कोण करेल, असं काहीतरी येतं. आणि या प्रत्येकावर काही ना काही करता येतं.

सांगितल्यावर सगळे मोकळे होतात असं मात्र मी म्हणणार नाही. काही रडतात, काही दोन-चार दिवस कुणाशी बोलत नाहीत, काही 'मला आधी का नाही सांगितलं' म्हणून मुलावर चिडतात. तो राग ऐकून घ्या. तो सहसा ओसरतो.

आता दुसरी बाजू. 'मन खचलंय' असा निष्कर्ष काढण्याआधी शरीर आणि औषधं तपासून घ्या. माझ्याकडे 'डिप्रेशन' म्हणून पाठवलेल्या रुग्णांत काहींना आधी माझी गरजच नसते. केमोच्या आसपास उलटी आणि ॲलर्जी टाळायला डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड देतात. त्याने त्या रात्री झोप उडते, चिडचिड होते, आणि ते थांबल्यावर एक-दोन दिवस माणूस एकदम गळून जातो. त्यांची जागरणं केमोच्या दिवसाला चिकटून येतात का हे वहीत लिहून बघा. तसं असेल तर डोसची वेळ सकाळी आणता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. नीट न आटोक्यात आलेली वेदना माणसाला अगदी असाच भिंतीकडे वळवते. रक्त कमी झालं असेल तर थकव्याला उदासीचा चेहरा येतो. मानेच्या भागाला रेडिएशन झालेल्यांत पुढे काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, थायरॉइड मंदावतं आणि लोक त्याला मनाचा कमकुवतपणा समजतात.

आणि तंबाखू. तुम्ही लिहिलेलं नाही, पण अन्ननलिकेच्या कॅन्सरमागे तंबाखू आणि दारू ही मोठी कारणं असतात म्हणून विचारते. निदान झालं त्या दिवशी घरच्यांनी पुडी काढून घेतली असेल, तर चिडचिड, जागरण, अस्वस्थपणा यातला बराच भाग तलफेचा असू शकतो. तंबाखू सोडायलाच हवी, त्याने उपचारांना मदत होते. पण सोडण्यासाठीही उपचार असतात आणि १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे. रोज दारू घेणाऱ्याने ती एकदम थांबवली असेल तर मात्र ही गोष्ट डॉक्टरांना आजच सांगा. त्यातून होणारा त्रास धोक्याचा असतो.

एक लक्षण वेगळं काढून ठेवते, कारण ते घरोघरी चुकतं. माणूस दिवसा झोपाळलेला, संध्याकाळी गोंधळलेला, वेळ-जागा चुकवतोय, मधूनच नसलेली माणसं बघतोय, किंवा दोन दिवसांत एकदम शांत आणि सुस्त झालाय, तर ती उदासी समजू नका. संसर्ग, क्षार कमी-जास्त होणं, एखादं औषध यांमुळे मेंदूवर परिणाम झालेला असू शकतो. त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. समुपदेशकाची वेळ घेत बसू नका.

हे सगळं बाजूला केल्यावरही उदासी उरली तर ती आजाराइतकीच खरी आहे आणि तिच्यावर उपचार होतात. ओळखायची कशी? भूक, झोप, थकवा यांवरून कॅन्सरच्या रुग्णात काहीच ठरवता येत नाही, कारण भूक आणि झोप केमोनेही जातात आणि थकवाही येतो. म्हणून मी दुसरीकडे बघते. नातवंड आल्यावर चेहरा हलतो का? आवडत्या माणसाचा फोन घ्यावासा वाटतो का? 'मी सगळ्यांना ओझं झालो', 'माझ्या कर्माची शिक्षा आहे' अशी वाक्यं वरचेवर येतात का? दुःख येतं-जातं, मधे एखादा विनोदही होतो. सतत दोन आठवडे, जवळजवळ रोज, मन खिन्न असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, तर तपासणी हवी.

मानसोपचारतज्ज्ञ गोळ्या देतील या भीतीने लोक येत नाहीत. उदासीच्या औषधांची झोपेच्या काही गोळ्यांसारखी सवय लागत नाही. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बंद करताना डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू करावी लागतात. मिर्टाझापिनसारखं औषध कधी मुद्दाम निवडतात, कारण त्याने झोप आणि भूक यांनाही मदत होते. गिळायला त्रास आहे हे त्यांना आठवणीने सांगा. हे वाचणाऱ्यांत स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या कुणी असतील तर त्यांच्यासाठी: पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही उदासीची औषधं टॅमॉक्सिफेनचं शरीरात प्रभावी रूपात होणारं रूपांतर अडवतात. दुसरे पर्याय आहेत. स्वतःहून काही बंद करू नका, पण दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या नक्की दाखवा.

'उचल रे देवा आता' हे आपल्याकडे आजारी माणसाच्या तोंडी सहज येतं आणि दरवेळी त्याचा अर्थ जीव द्यायचा असा नसतो. अंदाज बांधत बसण्यापेक्षा विचारा: 'बाबा, नकोसं झालंय म्हणजे स्वतःचं काही करून घ्यावंसं वाटतं का?' विचारल्याने ती कल्पना डोक्यात येते ही समजूत चुकीची आहे, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल, किंवा निरोपाची, व्यवहार आवरण्याची भाषा अचानक सुरू झाली असेल, तर त्यांना एकटं ठेवू नका. गोळ्यांचा साठा आणि गावाकडच्या घरात फवारणीचं औषध असेल तर तेही त्यांच्या हाताशी राहणार नाही असं बघा, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. टेली-मानस या मानसिक मदतीच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तो तुम्हीही वापरू शकता.

आता आत्यांचं 'खंबीर मन'. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण या सल्ल्याची दुसरी बाजू क्रूर आहे: बरं झालं नाही तर मन कमी पडलं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात कॅन्सरच्या मानसिक बाजूचा स्वतंत्र विभाग १९७७ साली जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी उभा केला. या शाखेची सुरुवात त्यांच्यापासून धरतात. त्याच हॉलंड या सक्तीच्या सकारात्मकतेला जुलूम म्हणत. मनाच्या जोरावर आयुष्य वाढतं का, याचाही अभ्यास झालाय. १९८९ साली अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या स्त्रियांत गटात बोलण्याच्या उपचाराने आयुष्य वाढल्याचं दाखवलं आणि मोठी खळबळ उडाली. २००१ साली कॅनडात हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला तेव्हा आयुष्य वाढलं नाही. २००७ साली स्पीगल यांच्या स्वतःच्या पुढच्या अभ्यासातही एकूण गटात ते दिसलं नाही. मात्र कॅनडाच्या प्रयोगात मनाचा त्रास कमी झाला, वेदना कमी जाणवली, आणि तेही मुख्यतः ज्यांना आधी त्रास जास्त होता त्यांना. माझ्या दृष्टीने आधार द्यायला एवढं कारण पुरेसं आहे. बाबांनी रडल्याने गाठ वाढत नाही.

'टेन्शन घेतलं म्हणून झाला' हेही तसंच. युरोपातल्या १ लाखाहून अधिक नोकरदारांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. कामाचा ताण आणि आतडं, फुप्फुस, स्तन, प्रोस्टेट यांचे कॅन्सर यांत त्यांना संबंध सापडला नाही. हे आईला जरूर सांगा. पुष्कळ बायका मनात धरून बसलेल्या असतात की मी भांडले, मी कटकट केली, म्हणून यांना झालं.

जेवणाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण अन्ननलिकेच्या रुग्णाच्या घरात खरी लढाई तिथेच असते. मराठी घरात प्रेम ताटातून व्यक्त होतं. आई सकाळपासून राबून मऊ भात, वरण, दुधी असं काय काय करते. बाबांचा पहिला घास अडकतो, ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि चार माणसं त्यांच्या घशाकडे टक लावून बघत असतात. 'अजून दोन घास', 'औषध समजून घ्या', 'नाही खाल्लं तर ताकद कुठून येणार'. त्या क्षणी त्यांना भूक नसते एवढंच नसतं. आपण जेवूही शकत नाही याची लाज असते, आणि आईचा उतरलेला चेहरा बघून अपराधी वाटत असतं. म्हणून ताट भिरकावलं जातं. उपाय साधे आहेत. भरलेलं ताट पुढे आणू नका, वाटी आणा. 'जेवता का?' ऐवजी 'आत्ता काय जाईल?' असं विचारा. पेज, नाचणीची आंबील, सूप, जे जाईल ते थोडं थोडं, त्यांच्या वेळेने. किती प्रथिनं, किती उष्मांक, हा हिशेब आहारतज्ज्ञाकडे सोपवा. रेडिएशनच्या विभागात त्यांची गाठ घालून देतात. नाकातून नळी घालायची वेळ आली तर ती हार समजू नका. नळीमुळे घरातली भांडणं थांबल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत, कारण पोषणाची काळजी मिटते आणि चव म्हणून एखादा चमचा घ्यायचा की नाही ते डॉक्टरांना विचारून ठरवता येतं. नळी असली तरी जेवणाच्या वेळी त्यांना बाहेर तुमच्यात बसायचंय का, हे विचारा. परस्पर ठरवू नका.

अजून एक. ते आजारी पडल्यापासून घरातलं काय काय त्यांच्या हातातून काढून घेतलंत? लाइटबिल, बँक, सोसायटीची मीटिंग, गॅसचं बुकिंग? 'त्यांना त्रास नको' म्हणून घेतलं असेल, पण कर्त्या पुरुषाला ते वेगळंच कळतं. बसून होणारं एखादं काम परत त्यांच्याकडे द्या.

समुपदेशनात नक्की होतं काय, हे लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते. उपदेश नसतो. पहिल्या भेटीत मी मुख्यतः ऐकते आणि एक कागद देते. त्यावर ० ते १० आकड्यांचं थर्मामीटरचं चित्र असतं: गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला तिथे खूण करा. खाली यादी असते, त्यात झोप, वेदना, भीती यांच्याबरोबर पैसे, प्रवास, घरची जबाबदारी हेही असतं. ४ किंवा वर खूण आली तर आम्ही खोलात जातो. दौंडकडच्या एका शेतकऱ्यांनी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) ८ वर खूण केली होती. वॉर्डात सगळ्यांना वाटत होतं की ते मरणाला घाबरलेत. यादीत त्यांनी भीतीला हातही लावला नव्हता. ऊस तोडणीला आला होता, टोळी मिळत नव्हती, आणि केमोची तारीख नेमकी त्याच आठवड्यात होती. समाजसेविकेने डॉक्टरांना विचारून तारीख चार दिवस पुढे घेतली, मेहुण्याला फोन लावून दिला. पुढच्या वेळी खूण बरीच खाली आली होती. त्यांच्या मनाचं मी काहीही केलं नव्हतं.

ज्यांना मनाचं काही करावं लागतं त्यांच्यासाठी पद्धती आहेत. केमोच्या आदल्या रात्रीच, किंवा हॉस्पिटलच्या गेटपाशी रिक्षा वळताच मळमळ सुरू होते, हे नाटक नसतं. शरीराने तो वास, ती जागा आणि उलटी यांची गाठ बांधलेली असते. मूठ घट्ट आवळायची, पाच-सात सेकंद धरायची, श्वास सोडत सैल करायची, मग दंड, खांदे, कपाळ, असं पायापर्यंत जायचं. हा स्नायू सैल करण्याचा सराव आधीपासून घरी केला तर त्या मळमळीला बऱ्याच जणांत उतार पडतो. जिथे दुखतंय किंवा पोर्ट (केमो द्यायला कातडीखाली बसवलेली डबी) बसवलाय तो भाग ताणायचा नाही. थकव्यावर आश्चर्य वाटेल, पण पडून राहण्यापेक्षा हळूहळू वाढवलेल्या चालण्याने जास्त फायदा होतो. पर्वती चढायची नाहीये. डॉक्टरांची हरकत नसेल तर बिल्डिंगखाली एक फेरी, तीही पहिल्या दिवशी नकोशी वाटली तर गॅलरीतली खुर्ची. रात्री तेच ते विचार फिरत असतील तर त्यांना कागदावर आणून, आत्ता करता येण्यासारखं आणि न येण्यासारखं असं वेगळं करायचं कामही आम्ही करतो. नामस्मरण, पोथी, हरिपाठ यांनी ज्यांना शांत वाटतं त्यांनी ते जरूर करावं. उपचाराची तारीख चुकवून कुणी नवस फेडायला निघालं तरच मी मधे पडते.

आईचं तुम्ही फक्त एका ओळीत लिहिलंय की 'आई ठीक आहे'. मला खात्री वाटत नाही. रात्री बाबा जागे म्हणजे आई जागी. तिला 'तू पण काळजी घे' असं म्हणून काही होत नाही. आठवड्यातल्या ठरावीक रात्री तुम्ही बाबांच्या खोलीत झोपा. आत्यांना म्हणावं, फोनवरून धीर देण्याऐवजी एक वार वाटून घ्या: मंगळवारी रेडिएशनला त्या नेतील. बहुतेक नातेवाईक मनाने चांगले असतात, त्यांना काय करायचं ते कळत नसतं म्हणून ते सल्ले देतात. भेटायला येणाऱ्यांसाठी दारावर चक्क पाटी लावा. आपण पुणेकर आहोत, कुणी वाईट वाटून घेणार नाही: 'येण्यापूर्वी फोन करावा. दुपारी १ ते ४ विश्रांती. उपचार सुचवू नयेत.' तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं.

पुण्यात जायचं कुठे? सुरुवात जिथे उपचार चालू आहेत तिथूनच करा. कॅन्सर विभाग असलेल्या बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत समुपदेशक असतात, पण आपण विचारल्याशिवाय कुणी पाठवत नाही, कारण डॉक्टरांना ओपीडीत तेवढी उसंत नसते. वैद्यकीय समाजसेवकांनाही भेटा. खर्चाची धास्ती हे उदासीचं मोठं कारण असतं आणि ते त्यांच्या टेबलावर सुटतं: महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत केमो, रेडिएशन, शस्त्रक्रिया बसतात आणि योजनेच्या रुग्णालयात मदतीला आरोग्यमित्र (योजनेचे कर्मचारी) बसलेले असतात, धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. बाहेर कुणाकडे जायचं ठरवलंत तर शिक्षण विचारायला लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, मानसोपचारतज्ज्ञ हे एमडी किंवा तत्सम पदवी घेतलेले डॉक्टर असतात. नुसती 'काउन्सेलर' अशी पाटी कुणीही लावू शकतं. कॅन्सरच्या रुग्णांबरोबर काम केलंय का, हेही विचारा.

वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, केंद्र १९९७ पासून आहे. तिथे सेवा मोफत आहे, रुग्णाबरोबर घरच्यांनाही राहता येतं, आणि वेदना, गिळण्याचा त्रास, मन, कुटुंब या सगळ्याकडे एकत्र बघतात. नाव काढलं की लोक दचकतात, 'म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?' नाही. २०१० साली अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांवर जेनिफर टेमेल यांनी केलेला अभ्यास यासाठीच सांगते. निदानापासूनच नेहमीच्या उपचारांबरोबर पॅलिएटिव्ह केअर मिळालेल्यांत उदासी कमी होती, जगण्याचा दर्जा चांगला होता, आणि ते सरासरी जास्त जगलेही, साधारण ११.६ महिने विरुद्ध ८.९ महिने. उपचार चालू असताना तिथला सल्ला घेता येतो.

बाबांना न्यायचं कसं, या मूळ प्रश्नाकडे येते. सांगा: 'तुमची झोप होत नाही, चिडचिड होते, त्यासाठी याच विभागातल्या मॅडम आहेत. उपचार घेणाऱ्या बऱ्याच जणांना त्या भेटतात. मीही येतो, आत तुम्ही एकटे बोला.' यात एकही शब्द खोटा नाही. नाही म्हणाले तर भांडू नका, तुम्ही आणि आई आधी जाऊन या. आम्ही घरच्यांनाही वेगळी वेळ देतो आणि पुष्कळदा काम तिथूनच सुरू होतं. येताना चालू औषधांची पूर्ण यादी आणा, आयुर्वेदिक काढे आणि कुणी दिलेली पुडी धरून. जागरणाच्या वेळा लिहिलेली वही आणा. बाबांना ऐकायला कमी येत असेल तर त्यांचं श्रवणयंत्र आणि बोलताना घसा कोरडा पडत असेल तर पाण्याची बाटली. पहिली वेळ शक्यतो केमोनंतरच्या लगेचच्या दोन-तीन दिवसांत घेऊ नका.